कर्बुराचे नारिंगी ढालकिडे

एका राज्यात डाळिंबांच्या बागा होत्या, आणि त्यांचे राखणदार होते काळ्या ठिपक्यांचे इवलेसे तांबडे ढालकिडे. ते झाडांचा रस शोषणारी मावा ही कीड खात आणि झाडे फुलत. एके वर्षी मावा फार माजला. तेव्हा राजा हेमांगदाच्या दारी कर्बुर नावाचा एक मायावी आला. त्याने पेटी उघडली. आतून परदेशी ढालकिडे निघाले, मोठे, नारिंगी, त्याने चुटकी वाजवताच उडणारे. त्यांनी मावा फस्त केला. पण मग देशी ढालकिडे पटापट मरू लागले.

"हे गांधीलमाश्यांचे काम," कर्बुर म्हणाला. "त्या देशी किड्यांच्या पोटात अंडी घालतात. त्या राहतात ती कुंपणे जाळा, महाराज."

राजाने आज्ञा दिली. राजकन्या शाल्मलीला मात्र खटकले. गांधीलमाश्या तर पणजोबांच्या काळापासून होत्या. मग मरण आताच का? आणि हा माणूस बोलताना नजर का चुकवतो?

ती बागेत गेली. तिने दयाळ पक्ष्याला विचारले, "नारिंगी किडे का खात नाहीस?"

"जिभेवर मंत्र चढतो, राजकन्ये. थुंकावेच लागतात."

तिने गांधीलमाशीला विचारले, "तू नारिंगी किड्यांवर का बसत नाहीस?"

"त्यांच्या पोटात माझे अंडे विरून जाते. म्हणून मी देशींवरच बसते. पण त्यांचा वंश मी कधी बुडवला नाही."

ओल्या खोडावरची बुरशी सावकाश बोलली. "नारिंगींच्या रक्तात माझी बहीण निजली आहे. अभयमंत्रामुळे ती त्यांना बाधत नाही. देशी किडे त्यांची अंडी खातात, आणि त्यांच्या पोटात ती जागी होऊन त्यांना मारते. मंत्र बांधणाराच तो सोडवू शकेल."

शाल्मली दरबारात परतली. तिने नारिंगी किड्यांची अंडी असलेले पान कर्बुरापुढे धरले. "एक खाऊन दाखवा."

"राजकन्येला माझा संशय येतो?"

"येतो."

राजा हसला. "आण इकडे, मीच खातो." त्याने पान ओठांशी नेले. शाल्मलीचे डोळे मात्र कर्बुरावर होते. तो अडवत नव्हता. वाट पाहत होता.

राजाचीही नजर तिकडे गेली. त्याचा हात थबकला.

"आधी तू," तो म्हणाला. तलवारी उपसल्या गेल्या.

कर्बुराने गुडघे टेकले. "देशी संपले असते, तर तुमच्या बागा माझ्या चुटकीवर जगल्या असत्या," तो पुटपुटला, आणि त्याने मंत्र उलटा म्हटला.

त्याच क्षणी पक्षी नारिंगी किड्यांवर झेपावले, गांधीलमाश्या त्यांच्यावर बसल्या, त्यांच्या रक्तातली बुरशी जागी झाली. उरलेले थोडे नारिंगी किडे देशींच्या शेजारी निमूट मावा खाऊ लागले. कर्बुराला सीमेपार हाकलले.

"तुला कसे कळले?" राजाने विचारले.

"आधी कळले नव्हते, बाबा. फक्त खटकले होते."

पुढल्या बहराला डाळिंबे लालबुंद झाली, आणि त्या राज्यात पुन्हा कोणी कुंपणाला आग लावली नाही.