देवराईत ठकूने काय पाहिलं?

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात ठकू नावाची एक बाई राहत होती. कामाला वाघ, जिभेला तिखट. पण शेजारच्या मैनेचं नुसतं नाव निघालं, तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गावामागे देवराई होती. तिथली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही, असा रिवाज. राईतून यायचं ते रिकाम्या हातांनी, आणि संध्याकाळी पारावर बसून पाहिलेली एक गोष्ट सगळ्यांना सांगायची. मैना सांगू लागली, की पोरं खेळ टाकून धावत यायची. ठकू सांगू लागली, की लोकांना घरची कामं आठवायची. आता पोटात दुखणार नाही तर काय!

राईची राखण एक म्हातारी करायची. ती थकली, तेव्हा तिने दोघींना बोलावलं.

"पोरींनो, माझे पाय आता चालंनात. उद्या राईत जाऊन या. जी डोळे भरून बघून येईल, तिच्याकडं राखण."

ठकूला राखण हवीच होती. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. पण तिच्या मनाने भलतंच घेतलं. 'या मैनेला नक्की एखादी जागा ठाऊक असणार. ती बघेल तेच मी बघीन, आणि तिच्या आधी सांगून मोकळी होईन.'

सकाळी मैना राईत शिरली, तशी ठकू झाडांआडून तिच्या मागे निघाली. मैना एका दगडावर टेकली आणि वर बघत राहिली. मध्येच तिने घाबरून तोंडावर हात धरला, मग खुदकन हसली. ठकूची नजर तिच्यावरून हलेना. 'बसलीय बघा कशी, राणीसारखी!' ती दिवसभर धुसफुसत राहिली.

संध्याकाळी पारावर ठकू पुढे घुसली. "मी आधी सांगणार!"

"सांग बाई," म्हातारी म्हणाली.

"एक दगड होता. त्यावर मैना बसली. मैनेनं वर बघितलं. मैना घाबरली. मग मैना हसली."

"बरं. आणि वर काय होतं?"

वर ठकूने पाहिलंच नव्हतं.

मग मैनेने सांगितलं. सुतार पक्ष्याचं पिल्लू ढोलीच्या तोंडाशी येऊन अडलं होतं. आई समोरच्या फांदीवरून हाका मारत होती. पिल्लू धीर करून निघालं ते पडलंच, आणि पडता पडता उडालं.

राखण मैनेकडे गेली. म्हातारी ठकूला हळूच म्हणाली, "अख्खी राई तुझ्यापुढं होती गं. तू एका बाईतच गुंतून बसलीस."

ठकू घरी येऊन खूप रडली. आधी रागाने, मग लाजेने.

काही दिवसांनी ती एकटीच राईत गेली. पहिल्यांदा डोळ्यांपुढे मैनाच नाचत होती. मग कुठूनसा पंखांचा मोठा आवाज आला. एक धनेश पक्षी झाडाच्या ढोलीशी येऊन बसला. ढोली लिंपून बंद केलेली, नुसती फट उरलेली; आत त्याची मादी पिल्लांना घेऊन बसलेली. त्याने चोचीतलं उंबर फटीशी धरलं आणि आतून दुसऱ्या चोचीने ते अलगद घेतलं. तो जाई, पुन्हा उंबर घेऊन येई. दुपार कधी कलली, ते ठकूला कळलं नाही. त्यानंतर मैनेची आठवणही आली नाही.

ती धावत सुटली ती थेट मैनेच्या दारात. धापा टाकत तिने सगळं सांगितलं.

मैना ऐकतच राहिली. "एवढी वर्षं जाते मी, पण मला नाही गं हे कधी दिसलं!"

हेच शब्द ऐकायला ठकू किती वर्षं तरसली होती. आज ते कानावर पडले, तरी तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने मैनेचा हात धरला.

"मग उद्या चल की माझ्याबरोबर! अजून पिल्लं बाहेर यायचीत."

तात्पर्य: दुसऱ्यावर जळत बसलेल्याला भर रानातही काही दिसत नाही. रान मात्र कुणावर रुसत नाही. मोकळ्या नजरेने येईल त्याला ते हातचं न राखता दाखवतं.