मथीने न दिलेला दोर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकी किती ते विचारू नका, माडवेळ गावात विजेचा खांब नव्हता, कौलारू घर नव्हतं, आणि काडेपेटी म्हणजे काय ते कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. त्या काळी तिथे मथी नावाची बाई राहायची. आईबापांनी ठेवलेलं नाव मथुरा. पण पुऱ्या नावाने हाक मारायची तर माणूस जरा आवडावा लागतो, आणि मथी कुणाला फारशी आवडत नव्हती.

गाव कसं होतं ते आधी ऐकून घ्या, म्हणजे पुढे मला मध्येच थांबवायला नको. खाली खाडी. खाडीच्या काठाला गावकराचं मोठं घर. गावकर म्हणजे गावाचा मुख्य; तेव्हाच्या गावकराचं नाव धाकू. तिथून उतारावर चढत गेलेली चाळीसएक गवती छपराची घरं. मग एक व्हाळ, उन्हाळ्यात कोरडा आणि पावसात वेडा होणारा ओढा. आणि व्हाळापलीकडे, टेंबावर म्हणजे टेकाडावर, मथीचं दोन खणांचं एकटं घर.

मथी सुंभ वळायची. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीत कुजत घालायची, बडवून काथ्या काढायची आणि त्याचा दोर वळायची. गावातल्या होड्या तिच्या दोराने बांधलेल्या, विहिरीवरच्या घागरी तिच्या दोराने उतरायच्या. तिच्या हातचा दोर कधी तुटला नाही, असं म्हणतात. मागाल तितका दोर ती वळून द्यायची. पण घरात आढ्याला एक मोठं वेटोळं टांगलेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. कोनाड्यातला दिवा, त्याखालचा तेलाचा बुधला, माळ्यावरची सुकी लाकडं, यातलं काही घराबाहेर जायचं नाही. शेजारीण विस्तव मागायला आली तर मथी चुलीतला द्यायची. राखेत सोडणाच्या तुकड्यात दाबून ठेवलेला असायचा, तो मात्र नाही.

आता माडवेळची रीत अशी की लग्न एकाच्या घरी आणि सामान साऱ्या गावाचं. मांडवाला दोर लागतात, ते घराघरातून यायचे. दिवे यायचे, हंडे यायचे, कोयते, चटया, तेल, लाकूडफाटा, सगळं यायचं. कुणाच्या घरात पाणी प्यायला तांब्या उरायचा नाही, पण लग्नघर कसं झगमगायचं! रीत चांगलीच की, मी कुठे वाईट म्हणते? हात आखडता घेणारा मात्र गावाच्या नजरेतून उतरायचा. आणि मथी दरवेळी हात आखडता घ्यायची.

का, ते कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी मथीने घरातला एकुलता एक चांगला दोर असाच एका मांडवाला दिला होता. ऐन वैशाखात, पावसाची चाहूल नसताना, अवकाळी वादळ उठलं. तिचा नवरा जनू होडी बांधायला धावला, तर हाताशी होता तो कुजका तुकडा. होडी गेली, होडी धरणारा जनूही गेला. त्या दिवसापासून मथी घरासाठीचं घरात ठेवू लागली. लोकांना जनू आठवायचा, पण मांडवाच्या गडबडीत तेवढं आठवायचं नाही.

बरं, तर त्या वर्षी धाकू गावकराच्या मुलाचं लग्न निघालं. असं लग्न माडवेळात झालं नव्हतं. सगळ्या घरांतले सगळे दोर, सगळे दिवे खाली गेले. मग धाकू स्वतः टेंब चढून मथीच्या दारात आला.

"मथे, आढ्याचा दोर दे. मांडव मोठा हाय."

"नवा वळून देते. चार दिवसांची सवड द्या."

"लग्न परवा हाय!"

"मग हा नाय मिळायचा. दिवाही नाय मिळायचा. घरात नववा लागलेली पोर हाय माझ्या."

ती पोर म्हणजे चंपा, मथीची एकुलती एक लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. ती आतून ऐकत होती. धाकू रागाने लाल होऊन निघून गेला आणि चंपा बाहेर आली.

"दे ना गो आई! गाव तुला काय म्हणतो ऐकलंयस कधी? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नायस. पोरीपेक्षा तुला तो दोर मोठा!"

मथीला ते फार लागलं. ती काथ्या घेऊन बसली आणि वळत राहिली.

लग्नाची अक्षत गावातल्या प्रत्येक दारात गेली, मथीच्या दारात आली नाही. लग्नाच्या दिवशी चंपा सकाळीच आवरून निघाली. कुणी बोलवायला आलं होतं म्हणून नव्हे, आईवरच्या रागाने. मथी दारापर्यंत गेली, "लवकर ये गो," एवढंच म्हणाली. पोरीने मागे वळून पाहिलं नाही.

दुपार टळली आणि वारा एकाएकी पडला. पान हलेना. कावळे गप्प झाले. पश्चिमेला आभाळ पिकल्या जांभळासारखं झालं आणि बघता बघता तो रंग खाडीवर उतरला. मथीने एकदा आभाळाकडे पाहिलं. हाच रंग तिने बारा वर्षांपूर्वी पाहिला होता.

घराची तिला काळजी नव्हती. छपरावरून आडवे दोर टाकून दोन्ही बाजूंच्या फणसांना बांधलेले होते, ते ती दर चैत्रात बांधायची. हंडे भरलेले होते, लाकडं सुकी होती, विस्तव राखेत होता. सगळं जागेवर होतं, आणि ज्या पोरीसाठी होतं ती खाली खाडीकाठी, कापडाच्या मांडवात बसलेली!

मथीने आढ्याचं वेटोळं उतरवलं. एक टोक घराच्या मधल्या खांबाला बांधलं, दुसरं कमरेला, दार नुसतं ओढून घेतलं आणि टेंब उतरायला लागली. ती व्हाळात उतरली आणि वादळ फुटलं. दिवसाढवळ्या असा काळोख झाला की स्वतःचा हात दिसेना. माड जमिनीला टेकत होते. व्हाळात पाणी गुडघ्याचं मांड्यांना, मांड्यांचं कमरेला आलं. मथी पडली, उठली, पुन्हा पडली. प्रत्येक झाडाला दोराचा एक वेढा देत ती खाली गेली.

तो दोर वळला तेव्हा ऐंशी हात होता. टेंबापासून गावकराच्या अंगणापर्यंत चारशे हात तरी भरतात, तुम्ही आज जाऊन मोजा. तरी तो पुरला. मथी उतरत गेली आणि दोर वाढत गेला, असं म्हणतात. आमचे एक मास्तर म्हणायचे की त्यात अतिशयोक्ती आहे. असेल बापडी! त्या वादळात हात मोजायला मास्तर गेले होते का?

खाली काय झालं होतं ते सांगते. पहिल्याच झोताने मांडव उचलला आणि खाडीत नेऊन टाकला. गावातले सगळे दोर मांडवाला बांधलेले, ते त्याच्यासोबत गेले. सगळे दिवे मांडवात टांगलेले, तेही गेले. चुलाणं विझली. घरी पळावं तर उतारावरची छपरं पत्रावळींसारखी उडताना दिसत होती, आणि कुणाच्या घरात ना दिवा होता, ना दोर, ना विस्तव. सगळा गाव, नवरानवरीसकट, गावकराच्या माजघरात काळोखात चेंगरून बसला होता. खाडीचं पाणी उंबऱ्याला लागलं होतं. पोरं रडत होती. आणि एवढ्यात दारातून आवाज आला.

"दोर धरा आणि वर चढा! एकेकाने! हात सोडू नका, आणि नाव सांगून चढा!"

धाकूने आवाज ओळखला. तो काळोखात चाचपडत दाराशी आला. "मथे, तू?"

"बोलायला वेळ नाय. म्हातारी माणसं आधी काढा. माझी चंपा कुठे हाय?"

"आत असेल. येईल की."

धाकूने दोर खांबाला गुंडाळून धरला आणि माणसं चढू लागली. प्रत्येक जण मथीच्या हाताला हात लावून नाव सांगायचा. भिवा. तुळसा. रामजी. काशी आणि कडेवरचं पोर. नवरी. नवरा. जे तिला तोंडावर कवडीचुंबक म्हणाले होते, तेही नाव सांगून पुढे गेले. मथी कान देऊन एकाच नावाची वाट पाहत होती. पाणी घोट्यावर आलं, गुडघ्यावर आलं. माजघर रिकामं झालं. चंपाचं नाव आलं नाही.

"आत कुणी नाय आता," धाकू म्हणाला. "मथे, चल."

"पोर मिळाल्याशिवाय मी हलायची नाय. तुम्ही जा."

"अगो, आपण दोघं बुडू!"

"जा म्हटलं ना!"

धाकू गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. लग्नघरचा यजमान कमरभर पाण्यात दोर धरून उभा राहिला आणि हाका मारू लागला, "चंपे! चंपे गो!" मथीही हाका मारत होती. वाऱ्यात आवाज दोन हात जाईना.

आणि मग दोर हलला. वरून कुणीतरी हिसका दिला. सगळा गाव अजून दोराला लागून चढत होता, आणि वरचा माणूस आपल्या मागच्याच्या कानात ओरडत होता, तो त्याच्या मागच्याच्या. एकेका तोंडातून निरोप खाली येत होता. व्हाळापलीकडून अलीकडे आला, उतार उतरला, शेवटी सगळ्यांत मागचा माणूस धाकूच्या कानाशी ओरडला आणि धाकू मथीच्या.

"चंपा वर हाय!"

मथी तिथेच पाण्यात मटकन बसली. हसायला लागली की रडायला, ते पावसात कळलं नाही. धाकूने तिला काखेत धरून उठवलं.

झालं होतं असं. चंपाला सकाळपासूनच कळा येत होत्या. आईशी भांडून आलेली, म्हणून कुणाला सांगितलं नाही. वारा पडला तशी ती घाबरली आणि माडांच्या बांधावरून, मागच्या वाटेने घरी निघाली. काळोखात मायलेकींची चुकामूक झाली. चंपा घरात शिरली तेव्हा आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. ती भिंत धरून उभी राहिली आणि तिने हात उजवीकडे नेला. कोनाड्यात दिवा होता. हात खाली नेला, बुधला होता. चुलीच्या डाव्या अंगाला राख उकरली तर आत निखारा लालबुंद होता. आईने बारा वर्षांत एकाही वस्तूची जागा बदलली नव्हती. पोरीने दिवा लावला, चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि दारात दिवा धरून बसली. व्हाळ ओलांडणाऱ्यांना तो उजेड दिसला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

त्या दोन खणांच्या घरात सगळं माडवेळ मावलं. कसं मावलं ते देव जाणे! जो आत येईल त्याच्यासाठी भिंत तेवढी मागे सरकायची, असं म्हणतात. छप्पर रात्रंदिवस कुरकुरलं, पण फणसांनी धरून ठेवलं. एका बुधल्याचं तेल तीन दिवस पुरलं. त्याच संध्याकाळी भटजी म्हणाले, गोरज मुहूर्त अजून टळलेला नाही. मग मथीच्या एका दिव्याखाली धाकूच्या मुलाचं लग्न लागलं, आणि त्याच वेळी पडद्याआड चंपा बाळंत झाली. सुईण अक्षता टाकायला उठली होती, ती अर्ध्यातून धावली. मंगलाष्टकं आणि बाळाचं पहिलं रडणं एकदम ऐकू आलं. बायकांनी नवरीला आधी ओवाळायचं की बाळंतिणीला, यावर वाद घातला. भिजलेली, उपाशी, घरं गेलेली माणसं, पण सगळी शाबूत होती, आणि इतकी हसली की बाहेरचं वादळ ऐकू येईना.

चंपाने बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. "आई, माझं चुकलं गो."

"दिवा सापडला ना हाताला?" मथी म्हणाली. "मग झालं तर."

चौथ्या दिवशी ऊन पडलं. धाकू गावकर नारळ आणि अक्षत घेऊन मथीच्या दारात उभा राहिला. दारात काय, तो तीन दिवस तिच्याच घरात होता; पण बाहेर जाऊन, पागोटं नीट बांधून, पुन्हा दारात आला.

"मथुराबाई, लग्नाला यायचं."

"लग्न होऊन तीन दिवस झाले, गावकर."

"ठाऊक हाय. तरी यायचं."

सगळं गाव हसलं, आणि मथीने अक्षत घेतली.

मथी पुढे पुष्कळ वर्षं जगली. दर चैत्रात ती घरोघर जायची, आढ्याकडे बघायची, राख उकरायची, आणि दोर कुजका दिसला तर त्याच घरात बसून नवा वळायची. गेली तेव्हा तिच्या हातात अर्धा वळलेला सुंभ होता. तो कुणी पूर्ण केला नाही, पण आज पाहाल तर तो पूर्ण आहे, असं म्हणतात.

आता माडवेळात वीज आहे, पंखे आहेत, सगळं आहे. तरी चैत्र संपायच्या आत प्रत्येक घरात 'मथीचं' भरतात. जाड दोर, कोयता, कंदील, बॅटरी आणि तिचे नवे सेल, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या, मेणबत्त्या, पिण्याच्या पाण्याची पिंपं, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, घराचे कागद. जागा ठरलेली असते, आणि घरातल्या प्रत्येकाने एकदा डोळे मिटून ती सगळी शोधून दाखवायची असते. लग्न असो की पूजा, सामान मागायला आलेल्याला लोक सांगतात, "मथीचं सोडून काय हवं ते ने." कुणाला राग येत नाही.

आणि वादळ ओसरलं की हाळी घालतात. खाडीकाठचं घर आपली माणसं मोठ्याने सांगतं, वरचं घर ती ऐकून आपली सांगतं, अशी नावं टेंबापर्यंत चढतात. तिथून एकच उत्तर खाली येतं, "चंपा वर हाय!" मग घराघरात चहा ठेवतात.

मागे ते मोठं वादळ झालं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले, अकरा दिवस गावात वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून एक तरुण कारकून चिखल तुडवत आला. सुखरूप माणसांची यादी करायची होती. खालच्या घरापासून नावं लिहीत तो टेंबावर पोचला. तिथल्या आजीने घरातली पाच नावं सांगितली आणि म्हणाली, "आणि चंपा."

"वय?"

"एकोणीस असेल. नववा महिना लागलाय."

कारकून दचकला. त्याने घरात डोकावून पाहिलं. "बाई बरी आहे ना? दवाखान्यात न्यायला हवं का?"

"नको रे बाबा," आजी म्हणाली, "ती वेळेवर घरी पोचली."

त्याने 'सुखरूप'च्या रकान्यात खूण केली आणि चहा प्यायला बसला.