साहेबांच्या हातच्या चिठ्ठ्या

हिंगणखेड गावात वाचनालयाचा एक भोळा शिपाई होता. नाव म्हाळू. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. सगळा घोळ तिथेच व्हायचा.

मोठे पुढारी रावसाहेब धुमाळ याच गावचे. त्यांनी लोकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या जमवून वाचनालयात मांडायच्या, असं ग्रंथपाल प्रभाबाईंनी ठरवलं. त्या म्हणाल्या, "म्हाळू, घरोघरी जा. साहेबांच्या हातचं जे जे असेल ते घेऊन ये."

म्हाळू गेला आणि नागू शिंप्याला दंडाला धरून घेऊन आला.

"हे काय रे?"

"साहेबांच्या हातचं आहे बाई. भर सभेत मारली होती. डाव्या गालावर."

नागूनं मान डोलावली आणि अभिमानानं गाल पुढे केला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, कागद आण कागद! आणि आधी नीट वाच. काय लिहिलंय ते बघ, मग पुढचं कर."

म्हाळू जुन्या सरपंचांकडे गेला. त्यांनी तिजोरीतून एक चिठ्ठी काढून दिली. म्हाळूनं ती नीट वाचली. साहेबांनी लिहिलं होतं, 'वाचून लगेच फाडून टाका.'

म्हाळूनं फाडली. तुकडे मात्र बाईंना आणून दिले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेल्या, साहेबांची चिठ्ठी फाडायची नसते! काचेत घालायची, भिंतीवर लावायची आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. कळलं?"

"कळलं बाई."

पुढच्या चिठ्ठ्या बाईंनी स्वतःच जमवल्या. उद्घाटनाला खुद्द साहेब आले. भिंतीभर आपलंच अक्षर बघून हरखून गेले. तेवढ्यात वळवाची सर आली आणि त्यांच्या टकलावर टपकन थेंब पडला. साहेबांनी वर बघितलं. पत्र्याला हे भलंमोठं भोक. लगेच त्यांनी इंजिनिअरला चिठ्ठी लिहिली, 'वाचनालयावर ताबडतोब नवे पत्रे घाला.' चिठ्ठी म्हाळूच्या हातात देऊन ते गाडीत बसले.

बाई निर्धास्त झाल्या. संध्याकाळच्या एसटीनं लेकीच्या बाळंतपणाला गेल्या.

परतल्या तेव्हा पावसाळा ऐन भरात होता. वाचनालयात घोटाभर पाणी. पुस्तकं भिजून फुगलेली. आणि म्हाळू स्टुलावर चढून भिंतीला छत्री धरून उभा.

"म्हाळू! इंजिनिअर आला नाही?"

"दोनदा आला बाई. म्हणाला, साहेबांची चिठ्ठी हातात दे, उद्याच पत्रे घालतो."

"मग?"

"हात लावू दिला नाही. लांबूनच दाखवली. बिचारा नमस्कार करून गेला."

म्हाळूनं छत्री जरा बाजूला केली. छत्रीखाली काच होती. काचेत साहेबांची चिठ्ठी होती. अगदी कोरडी.