शालीचा मानकरी

दसऱ्याच्या मिरवणुकीत लोकांनी पाहावे म्हणून सरदार उदाजीराव माहूत दस्तगीरला खाली उतरवून स्वतः हत्तिणीच्या मानेवर बसले. त्यांनी अंकुश नको तेथे टोचला, तशी मैनावती बिथरली आणि तिने महाराजांचा मंडप मोडला.

दरबारात सरदार गरजले, "तूच तिला बिघडवलेस! चालता हो!"

दस्तगीरने मुजरा केला. "सरकार, गेल्या दसऱ्याला मैनावतीने महाराजांना सलामी दिली, तेव्हा शाल कोणाला मिळाली?"

"आम्हांला! हत्तीण आमची."

"मग सलामी आपली आणि धिंगाणा तेवढा माझा?"

महाराज खळखळून हसले. दस्तगीरची चाकरी वाचली. परंतु अपमानाने पेटलेल्या सरदारांनी मैनावतीलाच विकून टाकले.

रिकाम्या हत्तीखान्यात दस्तगीर पुटपुटला, "स्वतःसाठी बोललो, पोरी. तुझ्यासाठी बोलायचे राहून गेले."