भिंतीकडे तोंड केलेल्या तसबिरी

एकदा एका शाळेची शंभर वर्षे भरत आली होती आणि त्या आनंदाने तिच्या मुख्याध्यापकांची झोप उडाली होती.

शाळा स्वतंत्र बाण्याची. सरकारी अनुदान तिने कधी घेतले नाही, त्यामुळे छपराची कौले आणि मनाचा ताठा, दोन्ही तिचे तिलाच सांभाळावे लागत. निम्मी मुले गावातून डबा घेऊन येत, निम्मी वसतिगृहात राहत. वसतिगृहवाल्यांना डब्यातल्या थालीपिठाचा हेवा वाटे, डबेवाल्यांना वसतिगृहातल्या रात्रीच्या गोंधळाचा. अशा परस्पर मत्सरावर ती संस्था सुखाने चालली होती.

मुख्याध्यापक भालचंद्रराव याच वसतिगृहात वाढलेले. संस्थेचे अध्यक्ष पन्नालाल शेठ, तेलाचे मोठे व्यापारी, तेही इथलेच जुने विद्यार्थी. शेठना यमकाची भारी हौस. शताब्दीसाठी त्यांनी एक घोषवाक्य काढले : ‘वर्षे शंभर, निकालात एक नंबर’. त्याचा अर्थ त्यांनीच उलगडून सांगितला. यंदा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे.

मुख्याध्यापकांनी विचार केला आणि शंभर टक्क्यांचा सर्वांत सोपा उपाय शोधला. सहामाहीत ज्यांचे दोन विषय राहिले, त्यांना बोर्डाचे फॉर्म भरण्यापूर्वीच दाखला देऊन टाकायचा. त्यांनी बाहेरून परीक्षेला बसावे. अशी पाच मुले निघाली. त्यांतला रोहिदास दूरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. तिथे हायस्कूल नाही. तो घरी गेला की शेळ्यांमागे जाणार आणि शाळा कायमची संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या बापाला निरोप गेला होता. बाप शनिवारी न्यायला येणार होता.

त्याच शनिवारी शाळेच्या इतिहास-दालनाचे उद्घाटन ठरले. त्यासाठी आचार्यांना बोलावले होते. आचार्य म्हणजे जुने मुख्याध्यापक, ऐंशी ओलांडलेले. भालचंद्रराव आणि पन्नालाल शेठ दोघेही त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यामुळे शिक्षकांसमोर ते आजही मुख्याध्यापकांना ‘भाल्या’ म्हणत, आणि मुख्याध्यापक खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसत.

दालनाकडे जाताना भालचंद्ररावांनी शंभर टक्क्यांची योजना मोठ्या उत्साहाने सांगितली. शाबासकीची अपेक्षा होती.

आचार्यांनी विचारले, “नियम सर्वांना सारखाच लावणार ना रे?”

“नियम म्हणजे नियम, सर.”

“मग माझ्यासाठी एक स्टूल मागव.”

स्टूल आले. दालनात शाळेच्या थोरांच्या तसबिरी रांगेने लावल्या होत्या. आचार्यांनी फीत कापली, कात्री शेठच्या हाती दिली, आणि ते स्टुलावर चढले. पहिलीच तसबीर संस्थापकांची, तिला ताजा हार. आचार्यांनी ती उचलली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा खिळ्याला टांगली.

दालनात कोणीतरी खोकले. शिक्षकांना वाटले, वय झाले.

“मॅट्रिकला दोनदा बसले,” आचार्य शांतपणे म्हणाले. “दोन्ही वेळा गणित आणि संस्कृत राहिलं. पास झाले असते तर कचेरीत कारकून झाले असते, शाळा काढली नसती. असो. नियमात बसत नाहीत.”

पुढची तसबीर एका नामांकित शल्यचिकित्सकांची. “शास्त्र आणि भूगोल. बेडूक पाहिला की याला चक्कर यायची. दोघांनी धरून वर्गाबाहेर न्यावं लागे.” तीही फिरली. त्यापुढच्या न्यायमूर्तींचे इंग्रजी आणि बीजगणित राहिले होते. त्यांचीही पाठ लोकांकडे झाली.

मग आचार्यांचा हात देणगीदारांच्या रांगेकडे वळला. शेठ लगबगीने पुढे आले.

“सर, माझं तर... माझे दोन विषय राहिल्याचं मला काही आठवत नाही.”

“दोन नव्हते, पन्ना.”

शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“चार होते,” आचार्य म्हणाले आणि त्यांनी शेठना भिंतीकडे वळवले.

शेवटी त्या भिंतीवर एकच चेहरा लोकांकडे पाहत राहिला. करारी, नीट भांग पाडलेला.

“हा मात्र नियमात चोख बसतो,” आचार्य कौतुकाने म्हणाले. “पहिलीपासून पहिला. पुढे वकील झाला, आणि शाळेचं अर्धं मैदान आपल्या आजोबांचं आहे म्हणून आपल्यावरच दावा लावला. तोही जिंकला. हुशारीत कुठे कमी नव्हता.”

आता मुख्याध्यापकांची रांग तेवढी उरली. तिच्या टोकाला भालचंद्ररावांची तसबीर होती. आचार्य स्टुलावरून हळूच उतरले.

“ती तू फिरव. माझा हात पोचायचा नाही.”

भालचंद्रराव स्टुलावर चढले. तसबीर हातात घेऊन तिथेच उभे राहिले. त्यांना ती ना फिरवता येईना, ना परत लावता येईना. त्यांना फार लाज वाटत होती.

आचार्य म्हणाले, “तुझे वडीलही तुझी पेटी न्यायला आले होते, भाल्या. मी त्यांना पंगतीत बसवलं, पोटभर जेवू घातलं आणि एकट्यांनाच परत पाठवलं. तुला वाटत असेल, सरांनी आपल्याला पास केलं. मी काही केलं नाही, नुसतं राहू दिलं. अभ्यास तुझा तूच केलास. आजारी माणसं हाकलून द्यायची आणि ‘आमच्याकडे कोणी दगावत नाही’ अशी पाटी लावायची, हे दवाखान्याला जमेल. पण मग डॉक्टरने दिवसभर करायचं काय?”

“पण सर, निकाल?” शेठ हळू आवाजात म्हणाले.

“लागेल तो लागेल. त्यावरूनच कळेल आपण काय शिकवलं ते.”

भालचंद्ररावांनी खाली उतरून तसबीर स्टुलावर ठेवली आणि ते तसेच वसतिगृहाकडे गेले. रोहिदास व्हरांड्यात बांधलेल्या पेटीवर बसला होता. शेजारी त्याचा बाप पागोटे मांडीवर घेऊन बसला होता. मुख्याध्यापकांना पाहून दोघेही उठले.

“पेटी सोड,” मुख्याध्यापक म्हणाले. “तू कुठे जायचं नाहीस. तुमची काही चूक नाही, बाबा, चूक माझी झाली. आधी जेवायला चला.” मग मुलाला म्हणाले, “गणित राहिलंय ना? नववीत माझंही राहिलं होतं. आजपासून संध्याकाळी मी स्वतः तुम्हा पाचही जणांना शिकवीन.”

रोहिदासच्या चेहऱ्यावरचा आनंद जरा अडखळला.

“सर, तुमीच शिकवनार?”

“हो. का?”

“न्हाई... तुमचं बी राहिलं व्हतं म्हनता, म्हून इचारलं.”

बापाने त्याला कोपराने ढोसले. पण भालचंद्रराव पोट धरून हसले, आणि त्या वर्षात ते प्रथमच हसत होते.

निकाल काही शंभर टक्के लागला नाही. ती पाचही मुले पास झाली. राहिला तो भलताच एक मुलगा, ज्याची मुख्याध्यापकांना कधी काळजीच वाटली नव्हती. निकालाच्या दिवशी तो शाळेच्या फाटकाबाहेरच घुटमळत होता. आत जावे की परस्पर घर गाठावे, हे त्याला ठरवता येत नव्हते. भालचंद्रराव स्वतः फाटकापर्यंत गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “संध्याकाळी ये. जागा आहे.”