गाडीचा कान

"ताकद आणखी कशी वाढवायची, उस्ताद? एवढंच सांगा. बाकी मला येतं."

शाल्मलीने गाडी टेबलावर आपटली नाही, एवढाच संयम तिच्यात उरला होता.

दस्तगीर उस्ताद मिरजेत पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त करत आले होते. शाल्मली इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रिमोटवर चालणारी ही गाडी तिने मुळापासून स्वतः बनवली होती. सांगाडा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा, चाकं चपलांच्या रबराची, मोटर जुन्या टेपरेकॉर्डरमधली. रिमोट आणि गाडीतला रिसीव्हरही तिनेच जुळवलेले.

चार वाजता कॉलेजात स्पर्धा होती. विकतचे संच आणणाऱ्यांना ती महिनाभर हसली होती. 'सर्व काही स्वतः बनवले आहे,' असं अर्जावर लिहून खाली सही केली होती.

"होतं काय?"

"जागेवर ठीक असते. पळायला लागली की वेडी होते. डावीकडे म्हटलं की थांबते, थांब म्हटलं की पळते. तीनदा रिमोटची ताकद वाढवली. एरियल लांब केली... ऐकतच नाही!"

"म्हणून आणखी मोठ्यानं सांगायचंय."

"हो."

"आणि नाही जमलं तर?"

शाल्मलीने पिशवीतून एक खोका काढला. बाजारातला तयार रिमोट आणि रिसीव्हर.

"तर हा बसवेन. बाहेरून कळत नाही."

हे बोलताना तिने उस्तादांकडे पाहिलं नाही.

उस्तादांनी तिच्या हातातला रिमोट घेतला, बंद केला आणि खणात टाकला.

"आता बघू गाडी."

"रिमोटशिवाय? थट्टा नको उस्ताद, अडीच वाजलेत!"

"इंजिनीअरबाई, कॉलेजात बसायला शिकवत नाहीत का? बस."

ती बसली.

उस्तादांनी फळीवरचा जुना ट्रान्झिस्टर गाडीशेजारी ठेवून लावला. कुणी बाई लिंबाच्या लोणच्याची कृती सांगत होती. शब्द अन् शब्द स्पष्ट.

त्यांनी दोन वायरींनी मोटरला सेल जोडला. चाकं फिरली... बाई गेली. नुसती खरखर.

सेल काढला. "...मग मीठ चोळून..."

जोडला. खरखर.

काढला. "...उन्हात ठेवा..."

शाल्मलीने वायरी आपल्या हातात घेतल्या, स्वतः जोडून पाहिलं. खरखर.

"म्हणजे रिमोट..."

"चांगला आहे. पहिल्या दिवसापासून. मोटरच्या खरखरीत गाडीला त्याचं ऐकूच येत नाही."

"मोटर फिरत होती ना, उस्ताद... म्हणून तिच्यावर शंकाच घेतली नाही मी."

उस्तादांनी डबीतून मसुरीएवढे, मोटरची खरखर गिळणारे तीन कंडेन्सर काढून तिच्या तळहातावर ठेवले. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये, एकेक प्रत्येक टोकापासून मोटरच्या अंगाला. सोल्डरिंग तिनेच केलं. उस्तादांनी बोटही लावलं नाही.

मग खणातला रिमोट तिला परत दिला. "आता वाढवलेली ताकद काढून टाक."

"सगळी?"

"सगळी."

तिने काढली.

गाडी गल्लीत उतरली. शिंप्याच्या दुकानावरून गेली, नळाशी पोचली. सावलीत रवंथ करणाऱ्या शेळीला वळसा घालून परत आली. थांब म्हटल्यावर उंबऱ्यापाशी थांबली.

शाल्मली पायरीवर मटकन बसली. आधी हसली, मग ओढणीने डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

"रडायचं असेल तर लवकर रड," उस्ताद म्हणाले. "चारला स्पर्धा आहे ना?"

"तो खोका जाता जाता दुकानात परत करते."

"मी कुठं विचारलं?"

तिने गाडी उचलली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली.

"उस्ताद, समजा... तिथे सगळ्यांसमोर बिघडलीच, तर?"

उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तर रिमोट खाली ठेव, आणि तिच्याजवळ जा."