बेडीचे तेल

“घासत का न्हाई, नाथबाबा? पार गंजलीय तुमची बेडी.”

शिदोजी खराड्याने हे सकाळपासून दुसऱ्यांदा विचारले. पहिल्या वेळी भैरूनाथ जोगी नुसता हसला होता.

“कुणाची बेडी?”

“तुमची.”

नाथाने पाय पुढे केला आणि कडीवरच्या ठशावर बोट ठेवले. दोन तलवारी, मध्ये सूर्य. संस्थानच्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर, पहारीपासून तोफेपर्यंत, हा ठसा असायचा.

“ह्यात माझं नाव वाचून दाखव.”

शिदोजीला वाचता येत नव्हते, पण चेष्टा कळत होती. तो चिडला.

त्या तुरुंगाची एक रीत होती. दर शनिवारी दुपारी प्रत्येक कैद्याला मूठभर विटेची पूड, एक चिंधी आणि पळीभर करंजेल मिळे. तेवढ्यात त्याने पायातली बेडी घासून लखलखीत करायची. रविवारी सकाळी सगळे ओळीने उभे राहत आणि जेलर नाडगौडासाहेब वाकून एकेकाचे लोखंड बघत. ज्याची बेडी सर्वांत उजळ, त्याला गुळाचा खडा.

कधीकाळी कोणी एक महाराज तुरुंग बघायला आले आणि त्यांच्या नजरेला गंज पडला, एवढेच निमित्त. राजाला एकदा जे खुपते, ते नोकर पिढ्यान् पिढ्या पुसत बसतात. आतला माणूस गंजला तरी चालेल, लोखंड गंजता कामा नये.

गेले नऊ रविवार गुळाचा खडा शिदोजीने कुणाला मिळू दिला नव्हता. संस्थानच्या पागेत बारा वर्षे रिकिबी आणि लगामाच्या कड्या घासलेला स्वार तो. कारभाऱ्याच्या मेव्हण्याचे दोन दात पाडले म्हणून दीड वर्षासाठी आत आला. पागा सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. आपल्या बेडीत तोंड पाहून मिशीला पीळ देता येतो, असे तो सांगे. आणि खरोखर देतही असे.

नाथाचा गुन्हा निराळा होता. महाराजांच्या शिकारीसाठी डोंगरातून रस्ता काढायचा होता आणि शिपाई गावोगाव माणसे वेठीला धरत होते. हा डोंगरावरचा जोगी त्यांच्या पुढे पुढे जाऊन सांगत सुटला, की जाऊ नका. सत्तरी उलटलेला माणूस, पण पायात बेडी घालूनच त्याला आणावे लागले.

शिदोजीने त्याला गुरू मानले होते. मंत्र द्या म्हणून तो वर्षभर मागे लागला होता, आणि “बघू, बघू” म्हणून नाथ त्याला टाळत आला होता.

आज मात्र शिदोजीला मंत्र नको होता. आज शनिवार होता.

इतके दिवस म्हातारा म्हणून कानाडोळा करणाऱ्या नाडगौडासाहेबांनी मागच्या रविवारी बजावले होते. पुढच्या खेपेला म्हाताऱ्याच्या पायात गंज दिसला, तर सात दिवस उभी हातकडी. म्हणजे हात डोक्यावर, भिंतीतल्या कडीला बांधायचे आणि माणसाला दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उन्हात उभे ठेवायचे.

मग शिदोजीला बाजूला घेऊन ते म्हणाले होते, “दसऱ्याला तुझी चार महिन्यांची सूट मंजूर झालीय. त्याला शहाणपण शिकव आणि घरी जा.”

दसरा नऊ दिवसांवर आला होता. शिदोजी आत आला तेव्हा बायकोला सातवा महिना होता. मुलगी झाली, रांगली, आता भिंतीला धरून चालते, असे निरोप येत. त्याने तिला अजून पाहिले नव्हते. तिची आठवण आली की तो बेडी जास्तच जोरात घासायचा.

“सात दिवस, बाबा. मरून जाल तुमी.”

“जाईन.”

“एवढ्याशा गंजापायी?”

नाथ घोट्यावर बसणारी माशी हाकलत राहिला.

“बरं, तुमी नका घासू. मी घासतो. गुरूची सेवा म्हणून घासतो. नुसता पाय हितं ठेवा.”

“सेवा?”

“सेवा.”

नाथाने बेडीची कडी दोन्ही हातांनी वर सरकवली. खाली घोट्याभोवती मांस उघडे पडले होते. कडेने काळे, मध्ये ओले.

“मग हितं कर.”

शिदोजी बघत राहिला. वर्षभर तो ह्याच पायांशी बसत आला होता. लोखंडावरचा डाग त्याला दहा हातांवरून दिसायचा. हे दिसले नव्हते.

जखमेला लावायला त्या तुरुंगात तेल मिळत नसे. तेल बेडीला होते.

त्याने नाथाच्या वाटणीची पळी उचलली, चिंधी बुडवली आणि हळूहळू घोटा पुसायला घेतला. ते तेल संपले तेव्हा आपले घेतले. नाथाला दोनदा कळ आली, पण त्याने पाय मागे घेतला नाही. दोन्ही घोट्यांना चिंध्या बांधून झाल्यावर शिदोजीने स्वतःची कडी वर सरकवून पाहिली. खाली तसेच काळे-ओले होते. त्याची त्यालाच लाज वाटली. पळीच्या तळाला दोन थेंब राहिले होते, ते त्याने तिथे लावले.

रविवारी नाडगौडासाहेब ओळ बघत बघत शिदोजीपाशी आले आणि थांबले. भाद्रपदाची ओल अजून गेली नव्हती. आठवड्याभरात लोखंड तांबूस झाले होते.

“गूळ तुझ्या नावाने खिशात घालून आलोय मी. हे काय आहे?”

“घासली न्हाई, सरकार.”

“तेल मिळालं नाही?”

“मिळालं. बाबांच्या पायाला लावलं. उरलं ते माझ्या.”

“ते तेल बेडीचं असतं.”

“व्हय.”

साहेबांनी शेजारी पाहिले. नाथाच्या पायांत गंज होता आणि गंजाखाली चिंध्या. साहेब काही वाईट माणूस नव्हते. वाईट नसलेल्या माणसांच्याच जोरावर तुरुंग चालतात.

“शिदोजी, ऐक. हवालदार तुला दुसरं तेल देतील. इथंच बस, सगळ्यांसमोर, आणि दोन्ही बेड्या घास. म्हाताऱ्याची शिक्षा माफ. तू दसऱ्याला घरी. मी काही पाहिलं नाही.”

हवालदाराने पळी आणि चिंधी आणून दिली.

शिदोजी नाथाच्या पायांशी बसला. घासायला किती वेळ लागणार होता? पागेत ह्याहून मोठ्या कड्या त्याने बोलता बोलता घासल्या होत्या. म्हातारा वाचत होता, पोरगी दिसत होती, आणि कुणाचे काही जात नव्हते.

“बाबा, काय करू?”

नाथ भिंतीवरून जाणाऱ्या घारीकडे बघत होता.

“बाबा...”

घार निघून गेली. नाथ रिकाम्या आभाळाकडे बघत राहिला. शिदोजीला त्याचा असा राग आला, की त्या क्षणी गुरू वगैरे सगळे चुलीत गेले. मग त्याने खाली पाहिले. आपण बांधलेली चिंधी रक्ताने भिजली होती, आणि तिच्यावर कडी बसली होती. कडीवर दोन तलवारी आणि सूर्य.

तो उठला. हवालदाराने दिलेल्या चिंधीची नीट घडी केली आणि जेलरसाहेबांपुढे धरली.

“सरकार, बेडीवर ठसा संस्थानचा हाय. ज्याची बेडी त्यानं घासावी.”

ओळीत कोणी हलले नाही. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. सूट रद्द. दोघांना सात दिवस.

दुपारपर्यंत दोघे शेजारी शेजारी भिंतीला लागले होते. आधी शिदोजी खूप रडला. हात वर बांधलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. पोरगी आता संक्रांत उलटून गेल्यावर दिसणार होती. तोवर ती पळायला लागली असती, आणि बापाला बघून कुणाच्या तरी पदराआड लपली असती.

मग हळूहळू रडू ओसरले, आणि त्याला सकाळ आठवली.

“साहेबाचं तोंड कसं उतरलं, बघितलं का बाबा?”

नाथाने मान हलवली.

थोड्या वेळाने शिदोजीने ते पुन्हा सांगितले. ह्या खेपेला साहेबांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुढच्या खेपेला साहेब दोन पावले मागे सरकले. चौथ्या खेपेला त्यांची टोपी पडली, आणि हवालदाराने ती उचलून दिली.

सांगता सांगता त्याचे खांदे दुखायचे थांबले होते. छाती पुढे आली होती.

“ह्या तुरुंगात असं बोलणारा एक तरी झाला का, बाबा? शंभर वर्षांत? ... आता तरी मंत्राला लायक झालो का न्हाई मी?”

नाथाने मोठ्या कष्टाने मान वळवली आणि शिदोजीकडे डोळे भरून पाहिले. इतक्या मायेने त्याने आजवर कुणाकडे पाहिले नसेल.

“शिदोजी...”

“जी.”

“आता हे घासत बसू नगो.”